कमी ऐकू येणाऱ्यांच्या घरासाठी धोक्याची सूचना : गरज, साधने आणि कारागिरांसाठी काम

आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या घरांची एक ठराविक रचना असते. खाली दुकान किंवा कारखाना आणि वर राहते घर. छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) सिटी चौकात, शहागंजात, जुन्या बाजारात किंवा रोशन गेटच्या गल्ल्यांत फिरले तर अशी घरे जागोजागी दिसतात. माल खाली, माणसे वर आणि दोघांच्या मध्ये एकच अरुंद जिना. धंद्याच्या दृष्टीने ही सोय आहे, कारण भाडे वाचते व मालावर नजर राहते. परंतु खाली आग लागली तर हीच सोय घात करते. अशा घरात कोणाला कमी ऐकू येत असेल तर धोका आणखी वाढतो.

३ एप्रिल २०२४ ची पहाट या शहरातील लोक विसरलेले नाहीत. रमजानचा महिना होता. छावणी भागातील दाणा बाजारात पहाटे चारच्या सुमारास शिवणकामाच्या एका दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील सात जणांचा मृत्यू झाला. मरण पावलेल्यांत लहान मुलेही होती. प्रत्यक्ष ज्वाळा वरपर्यंत पोचल्या नव्हत्या, धुराने गुदमरून हे मृत्यू झाले, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासातून सांगण्यात आले. आगीच्या कारणासंबंधी सुरुवातीच्या बातम्यांत विजेवरच्या दुचाकीच्या चार्जिंगचा उल्लेख होता. त्याआधी तीनच महिने, ३१ डिसेंबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर, वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनविणाऱ्या एका कारखान्याला आग लागून आत झोपलेल्या कामगारांपैकी सहा जण दगावले.

या दोन्ही घटनांत कोणाला ऐकू येत होते की नाही, हा येथे प्रश्न नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की दोन्ही वेळा आग रात्री लागली आणि माणसे झोपेची होती. धूर झोपलेल्या माणसाला जागे करत नाही. झोपेत वासाची जाणीव मंदावते आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू माणसाला अधिकच गुंगवतो. म्हणून झोपलेल्याला उठविणारे काहीतरी बाहेरचे साधन लागते. सर्वसाधारण घरात ते काम आवाज करतो, म्हणजे धोक्याची घंटी, शेजाऱ्याची हाक, दारावरची थाप. ज्याला आवाजच पोचत नाही त्याच्यासाठी काय, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

कारागिराचे कान

बहिरेपणा म्हटला की जन्मतः मुकेबहिरे असलेले मूल डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात कमी ऐकू येणाऱ्यांत मोठा भाग वयस्कर माणसांचा आणि गोंगाटात काम केलेल्यांचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात सुमारे १५० कोटी लोकांना कमी-अधिक श्रवणदोष आहे आणि त्यांपैकी ४३ कोटींना उपचाराची किंवा साधनांची गरज आहे. भारताच्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ५० लाख लोकांची नोंद श्रवणदोष असलेले म्हणून झाली.

आपल्या धंद्यांचा विचार करा. पत्र्याच्या पेट्या आणि कपाटे ठोकणारे, तांब्या-पितळेची भांडी घडविणारे, वेल्डिंग आणि ग्राइंडरवर काम करणारे, लेथ चालविणारे, गॅरेजवाले, तसेच मालेगाव-भिवंडीचे यंत्रमाग कामगार हे सर्व वर्षानुवर्षे मोठ्या आवाजात राबतात. महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ यांनी आठ तासांच्या कामासाठी ९० डेसिबलची मर्यादा घातली होती. १०० डेसिबल आवाज असेल तर कामाचा वेळ दोन तासांवर येत असे. यंत्रमागांच्या शेडमध्ये दोन माणसांना एकमेकांच्या कानाशी जाऊन बोलावे लागते, यावरून तेथील आवाजाची कल्पना यावी. गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा हा १९४८ च्या कारखाने कायद्याच्या यादीत व्यावसायिक रोग म्हणून नोंदलेला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या यादीतही तो आहे. परंतु चार-पाच माणसांचे छोटे कारखाने या कायद्यांच्या कक्षेत येत नाहीत. तेथे कोणी कान तपासत नाही आणि कारागीरही तक्रार करत नाही.

या बहिरेपणाची एक खूण ध्यानात ठेवावी. गोंगाटाने सर्व आवाज सारखे जात नाहीत. आधी बारीक, तीक्ष्ण आवाज जातात. शास्त्रीय भाषेत सांगायचे तर सेकंदाला ३००० ते ६००० कंपने असलेल्या पट्ट्यात, त्यातही ४००० च्या आसपास, कान प्रथम निकामी होतो. वयोमानाने येणारा बहिरेपणाही याच बाजूने सुरू होतो. त्यामुळे म्हाताऱ्या कारागिराला ट्रकचा घरघराट ऐकू येतो, पण नातवंडांचे बोलणे, कुकरची शिट्टी आणि मोबाईलची बारीक घंटी ऐकू येत नाही. घरातले म्हणतात, "अब्बांना त्यांच्या मतलबाचे बरोबर ऐकू येते." हा अब्बांवर अन्याय आहे.

बाजारातील साध्या अलार्मचा दोष

आता बाजारात मिळणारा साधा स्मोक अलार्म पाहा. बशीएवढा पांढरा डबा, आत बॅटरी, छताला लावायचा. धूर आत शिरला की तो किंचाळतो. आवाज दहा फुटांवर ८५ डेसिबल, म्हणजे चांगलाच मोठा. परंतु त्याची पट्टी असते साधारण ३१०० कंपनांची. ज्या पट्टीतले आवाज कारागिराच्या कानातून आधीच गेलेले आहेत, नेमक्या त्याच पट्टीत हा अलार्म ओरडतो. त्यात रात्री कानातले यंत्र काढून ठेवलेले असते, खोलीचे दार लोटलेले असते आणि मराठवाड्याच्या एप्रिल-मे महिन्यांत डोक्याशी कूलर घोंगावत असतो. मग अलार्म वाजूनही न वाजल्यासारखाच.

हा केवळ तर्क नाही. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातील डोरोथी ब्रुक आणि इयान थॉमस यांनी २००७ मध्ये कमी ऐकू येणाऱ्या प्रौढांना गाढ झोपेतून उठविण्याचे प्रयोग केले. नेहमीच्या ३१०० कंपनांच्या आवाजाने ७५ डेसिबलला ५६ टक्के माणसे उठली. तितक्याच मोठ्या, परंतु ५२० कंपनांच्या जाड, भरड आवाजाने ९२ टक्के उठली. गादीखाली आणि उशीखाली ठेवलेल्या थरथरणाऱ्या यंत्राने ८० ते ८३ टक्के उठली. आणि डोळे दिपविणाऱ्या लुकलुकत्या दिव्याने? फक्त २७ टक्के.

या आकड्यांतून व्यवहाराच्या तीन गोष्टी निघतात. पहिली, ज्याला थोडेफार ऐकू येते त्याला आवाज वाढवून देण्यापेक्षा पट्टी उतरवून देणे अधिक उपयोगी आहे. दुसरी, झोपलेल्या माणसासाठी नुसता लाल दिवा पुरत नाही. दिवा जाग्या माणसासाठी, म्हणजे दिवसा कारखान्यात कामाला येतो. तिसरी, ज्याला अजिबात ऐकू येत नाही त्याला आवाजाचा उपयोग नाही, त्याला अंथरुणातला धक्काच हवा. अमेरिकेच्या आगविषयक संहितेत २०१० पासून कमी ऐकू येणाऱ्यांच्या झोपण्याच्या खोलीसाठी ५२० कंपनांच्या आवाजाची तरतूद झाली, ती याच संशोधनाच्या आधारे.

जपानमधील एका प्रयोगाचीही येथे नोंद घेण्यासारखी आहे. तेथील संशोधकांनी वासाबी नावाच्या झणझणीत मुळातील तिखट द्रव्य हवेत फवारून झोपलेल्या माणसांना, त्यांत बहिऱ्यांनाही, उठवून दाखविले. २०११ मध्ये या कामाला "इग नोबेल" हा गमतीचा, पण नामांकित पुरस्कार मिळाला. वासाने माणूस उठत नाही, ठसक्याने उठतो, हे यामागचे तत्त्व. वाळलेल्या मिरचीची फोडणी दिल्यावर मधल्या खोलीत झोपलेला माणूस खोकत कसा उठून बसतो, हे आपल्याकडे सांगण्याची गरज नाही. परंतु हे साधन आपल्या बाजाराचे नाही. आपल्या आवाक्यातले साधन म्हणजे आवाज, दिवा आणि धक्का यांची जोड.

घरासाठी योग्य जोडणी

दुकानावर घर असलेल्या कुटुंबाने पुढील गोष्टींचा विचार करावा.

डिटेक्टर कोठे लावावा : धूर वर चढतो, म्हणून डिटेक्टर छताला लावतात. एक खाली दुकानात, एक जिन्याच्या वरच्या टोकाला आणि एक झोपण्याच्या खोलीत. स्वयंपाकघराच्या अगदी जवळ लावू नये, रोज फोडणीने वाजेल आणि चौथ्या दिवशी कोणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवील. गॅसचा डिटेक्टर मात्र जमिनीलगत लावावा, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असून खाली साचतो. गॅसला मुद्दाम घाण वास दिलेला असतो. ऐकू न येणाऱ्या माणसासाठी ती जागेपणीची चांगली सूचना आहे, पण झोपेत तिच्यावर विसंबता येत नाही.

जोडणी एकमेकांशी हवी : खालच्या दुकानातला डिटेक्टर खालीच वाजत राहिला तर वरच्या माणसाला त्याचा काय उपयोग? खाली धूर दिसताच वरच्या खोलीतील घंटी, दिवा आणि अंथरुणातील व्हायब्रेटर एकदम सुरू झाले पाहिजेत. ही जोडणी तारेने किंवा बिनतारी होते. दुकानावरच्या घरासाठी हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, कारण धूर जिन्यातून वर येण्याआधीची काही मिनिटे त्यातून हाती लागतात.

वीज कोठून घ्यावी : आपले दुकानदार रात्री शटर ओढताना मेन स्विच बंद करतात. ती सवय चांगली आहे. परंतु अलार्म त्याच मेनवर असेल तर तोही दुकानाबरोबर झोपी जातो. म्हणून अलार्मला स्वतःची बॅटरी हवी किंवा वरच्या घराच्या इन्व्हर्टरवरून स्वतंत्र वायर हवी. आगीत वीज सर्वांत आधी जाते हेही विसरू नये.

व्हायब्रेटर कोठे ठेवावा : परदेशी माहितीपत्रकात तो गादीखाली दाखवितात. तेथील गाद्या पातळ किंवा स्प्रिंगच्या असतात. आपली कापसाची जाड गादी जमिनीवर अंथरली तर धक्का गादीतच जिरतो. अशा वेळी तो उशीच्या खोळीत ठेवावा. तो नीट बसला की नाही, हे ठरविण्याचा मार्ग एकच. माणूस गाढ झोपेत असताना, यंत्र कानात नसताना, कूलर चालू असताना परीक्षा घ्यावी. त्याला आधी सांगून ठेवावे, पण दिवस सांगू नये.

दिव्याची गती : लुकलुकणारा दिवा सेकंदाला एक ते दोन वेळाच लुकलुकावा. त्याहून वेगाने लुकलुकणारे दिवे फेफऱ्याचा विकार असलेल्या माणसाला अपायकारक ठरू शकतात. सजावटीच्या दुकानातील भडक फ्लॅशर या कामासाठी वापरू नयेत.

देखभाल : महिन्यातून एकदा चाचणीचे बटण दाबावे, वर्षातून एकदा बॅटरी बदलावी आणि दहा वर्षांनी डिटेक्टरच बदलावा. रमजानचा चाँद दिसला की बॅटरी बदलायची, असा नेम ठेवला तर तारीख विसरत नाही. सहरीसाठी उठविण्याचे कामही तोच व्हायब्रेटर घड्याळाला जोडून करू शकतो. रोज वापरात असलेले साधन बिघडले तर लगेच कळते, हा त्यातला जादा फायदा.

उठल्यावर बाहेर कसे पडायचे हेही आधी ठरलेले असावे. जिन्यात धूर असेल तर गच्ची आणि गच्चीवरून शेजारचे छत. गच्चीच्या दाराला कुलूप असल्यास चावी तेथेच, सर्वांना माहीत असलेल्या खिळ्याला. ऐकू न येणाऱ्या माणसाला अंधारात कोण हात लावून उठवील व त्यासाठी कोणती खूण करील, हे घरात ठरवून ठेवावे. विजेवरची दुचाकी रात्रभर जिन्याखाली चार्जिंगला लावू नये, कारण तोच बाहेर पडण्याचा रस्ता आहे.

मोबाईलवर किती विसंबावे?

आता बहुतेकांच्या खिशात असलेला मोबाईलही काही आवाज ओळखतो. २०२० पासून ॲपल आणि गूगल या दोन्ही कंपन्यांच्या फोनमध्ये अशी सोय आहे की अलार्म, दारावरची घंटी किंवा मुलाचे रडणे ऐकू आल्यास फोन थरथरतो आणि पडद्यावर सूचना देतो. सेटिंग उघडून ती सुरू करावी लागते. पैसे लागत नाहीत, तेव्हा जरूर सुरू करावी. परंतु जिवाच्या धोक्याच्या वेळी केवळ याच सोयीवर विसंबू नका, असे ॲपल कंपनी स्वतःच बजावते. फोन दुसऱ्या खोलीत राहतो, बॅटरी उतरते, आवाज पोचत नाही. तो जोड म्हणून ठीक, आधार म्हणून नाही. मदत मागण्यासाठी मात्र फोन फार उपयोगी आहे. "११२ इंडिया" या ॲपवरून बोलल्याशिवाय, बटण दाबून मदतीची हाक देता येते. ज्याला बोलता किंवा ऐकता येत नाही त्याच्या फोनमध्ये ते आजच घालून द्यावे.

कारागिरांसाठी काम

या विषयाकडे धंद्याच्या नजरेनेही पाहायला हवे. साधा बॅटरीवरचा अलार्म आपल्याकडे मिळतो. कारखान्यांसाठी लागणारे भोंगा व दिवा एकत्र असलेले संचही मिळतात. परंतु बहिऱ्यांसाठी तयार असलेला पूर्ण संच, म्हणजे डिटेक्टर, जाड आवाजाची घंटी, दिवा आणि व्हायब्रेटर असे सर्व एकत्र, शहरातील साध्या दुकानात सहज हाती पडत नाही. बाहेरून मागविला तर महाग पडतो, शिवाय बिघडल्यावर दुरुस्तीला कोणी नसते. ही उणीव आपल्या वायरमन, इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती करणाऱ्या आणि मोबाईल दुकानदार बांधवांना भरून काढता येईल.

ज्या डिटेक्टरला रिले असतो, त्या रिलेवरून बारा व्होल्टचा दिवा, भोंगा आणि व्हायब्रेटर चालविता येतात. व्हायब्रेटर म्हणजे एका बाजूला वजन बसविलेली लहान मोटर. मोबाईलमध्ये जी असते तिचीच मोठी बहीण. हे काम शहरातील कितीतरी तरुणांच्या हातचे आहे. गिऱ्हाईक केवळ घरोघरीच आहे असेही नाही. मुलांची वसतिगृहे, मदरशांच्या निवासी इमारती, दवाखाने आणि वेरूळ-अजिंठ्याच्या पर्यटकांवर चालणारे लॉज या सर्वांना याची गरज आहे. अमेरिकेत हॉटेलांना ठरावीक संख्येने बहिऱ्या पाहुण्यांसाठी सोयीच्या खोल्या ठेवाव्याच लागतात. आपल्या लॉजवाल्यांनी एक संच काउंटरवर ठेवून पाहुण्याला मागितल्यावर दिला तरी खूप झाले.

मात्र येथे प्रामाणिकपणा भांडवलापेक्षा महत्त्वाचा आहे. धूर ओळखणारा भाग, म्हणजे डिटेक्टर, कधीही घरी बनवू नये. तो प्रमाणित कंपनीचाच घ्यावा. भारतीय मानकांत अशा यंत्रणेच्या उभारणीसाठी आय. एस. २१८९ हे मानक आहे, ते वाचून काम करावे. जोडलेला संच "प्रमाणित" म्हणून विकू नये. त्याचे काय काम आहे आणि काय नाही, हे गिऱ्हाइकाला बिलावर लिहून द्यावे. वर्षातून दोनदा येऊन तपासणी करण्याचा करार करावा. खरी मिळकत त्यातच आहे आणि गिऱ्हाइकाचा जीवही त्यावरच अवलंबून आहे. खराब शिलाईचा कपडा परत करता येतो, न वाजलेला अलार्म परत करायला कोणी येत नाही.

कारखानदारांनीही लक्ष द्यावे. यंत्रांच्या आवाजात चांगल्या कानाच्या कामगारालाही भोंगा ऐकू येत नाही, आणि कानात संरक्षक बोळे घातले तर आणखीच नाही. म्हणून शेडमध्ये सर्वांना दिसेल असा लाल फिरता दिवा भोंग्याबरोबर लावणे ही सर्वांचीच गरज आहे. ज्या कामगाराला कमी ऐकू येते त्याच्याबरोबर एक जोडीदार नेमून द्यावा.

शासनाची मदत

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांसाठीच्या २०१६ च्या कायद्यात बहिरेपणा आणि कमी ऐकू येणे या दोहोंची व्याख्या आहे. दोन्ही कानांत ६० डेसिबल किंवा त्याहून अधिक हानी असेल तर ती त्यात बसते. केंद्र सरकारच्या "एडिप" योजनेतून दिव्यांगांना उपकरणे मिळतात. फार थोड्यांना माहीत आहे की या योजनेच्या यादीत कानाच्या यंत्राबरोबरच दारावरची घंटी, टेलिफोन व घड्याळ यांची सूचना देणारी साधनेही आहेत. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो आणि उत्पन्नाची मर्यादा आहे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून श्रवणदोषावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. १९७१ ते १९७६ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल आणि त्यापूर्वी अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले नवाब अली यावर जंग यांचे नाव तिला दिलेले आहे. कानाची तपासणी, यंत्र आणि मार्गदर्शन यांसाठी आपल्या लोकांनी या संस्थेचा लाभ घ्यावा.

कमी ऐकू येणे लपविण्याची आपल्याकडे सवय आहे. कारागिराला वाटते काम जाईल, म्हाताऱ्याला वाटते लोक हसतील, मुलीच्या आई-वडिलांना तिच्या लग्नाची चिंता. या लपवालपवीत घरच्यांनाच कळत नाही की रात्री हाक दिली तर कोण उठेल आणि कोण नाही. व्यापारी दुकानाचा विमा काढतो, तिजोरीला दोन कुलपे लावतो, मालाची मोजदाद ठेवतो. हीच मोजदाद त्याने एकदा घरातील माणसांच्या कानांचीही करावी. येत्या शुक्रवारी दुकान बंद असेल तेव्हा जिना, गच्चीची चावी आणि रात्री काढून ठेवलेले कानाचे यंत्र या तीन गोष्टी पाहाव्यात. त्यानंतर वायरमनला बोलवावे.